फ्रिजचा गॅस ‘संपत’ नसतो! मेकॅनिकला बोलावण्याआधी या चुका टाळा

एप्रिल-मे आला की आम्हा फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांचा फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. पलीकडून नाव-पत्ता सांगण्याआधीच निदान तयार असतं. “दादा, फ्रिजचा गॅस संपलाय. भरायला कधी येताय?”

गॅस संपायला ते काही स्वयंपाकाचं सिलिंडर नाही. फ्रिजमधला गॅस जळत नाही की खर्चही होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. आजकालच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तोसुद्धा शंभर ग्रॅमच्या आतच. तो कमी झाला असेल तर याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता सायकलीत हवा भरणं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

फोन करण्याआधी एक साधी गोष्ट करा. कॉम्प्रेसरची घरघर चालू असताना फ्रिजच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याला हात लावा. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असते, तिथे हात न्या. कोमट ते गरम लागलं तर गॅस बहुतेक करून जागेवर आहे, दुखणं दुसरीकडे आहे. (बाजू गरम लागते म्हणून घाबरून फोन करणारेही खूप असतात. आतल्या जिनसांची उष्णता बाहेर पडायची वाट तीच, गरम लागणारच.) याउलट कॉम्प्रेसर तासन्‌तास चालतोय, पण जाळी थंडगार आहे आणि फ्रीझरच्या एखाद्याच कोपऱ्यात बर्फ धरतोय, तर मात्र गॅस गळाल्याची शंका घ्यायला हरकत नाही. अशा वेळी मेकॅनिकला विचारा, “गळती कुठे सापडली? नळीतला फिल्टर बदलणार का? व्हॅक्यूम करणार का, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल आधी ओढून काढणार का? गॅस वजन करून भरणार का?” हे विचारल्यावर जो चिडतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता गॅस खरोखर घालवणारी चूक. सिंगल डोअर फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर होतो, त्यात मटारची पिशवी किंवा बर्फाचा ट्रे रुतून बसतो आणि मग कुणीतरी सुरी, उलथनं नाहीतर स्क्रू ड्रायव्हर घेऊन सरसावतं. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी उलथन्याचं टोक बर्फात घालून जरा जोर दिला. फुस्स आवाज आला. त्यांना वाटलं बर्फ सुटला. संध्याकाळी मी गेलो तेव्हा फ्रीझरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला मोहरीएवढं भोक होतं. त्या पत्र्याच्या आतच गॅसच्या वाटा असतात आणि पत्रा पापडासारखा पातळ असतो. एवढ्याशा भोकापायी दुरुस्तीला जे पैसे लागतात, त्यात मिक्सर येतो.

असा फुस्स आवाज आलाच तर लक्षात ठेवा, आर-६००ए ज्वलनशील आहे. शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा, खिडक्या उघडा आणि विजेच्या बटणांना काही वेळ हात लावू नका. आपल्या फ्रिजमध्ये कोणता गॅस आहे ते आतल्या किंवा मागच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

मुळात बर्फ इतका वाढूच द्यायचा नाही. साधारण करंगळीच्या अर्ध्या जाडीचा थर दिसला की डीफ्रॉस्ट करायचं. रात्री बटण दाबा, फ्रीझर रिकामा करा, खाली जुना टॉवेल अंथरा. घाई असेल तर आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. बर्फ आपोआप ढिला होऊन पडतो. बर्फ जास्त म्हणजे थंडावा जास्त हा समज चुकीचाच आहे, कारण बर्फाचा थर ही त्या पत्र्यावर घातलेली गोधडी असते. खालचं दूध थंड होईना म्हणून माणूस नॉब ७ वर नेतो, त्याने बर्फ आणखी वाढतो आणि खाली आणखी उकडतं.

नॉबवरचे आकडे म्हणजे तापमान नव्हे, हेही सांगून टाकतो. १ म्हणजे कमी थंड, ७ म्हणजे जास्त. एरवी मधल्या आकड्यावर ठेवावं. खात्री करायची असेल तर पेलाभर पाण्यात साधा थर्मामीटर घालून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळी ४ अंशांच्या आसपास दिसलं की झालं. फ्रीझर उणे १८ हवा.

डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री फ्रिजचं दुखणं निराळं. वर आइस्क्रीम दगडासारखं आणि खाली भाजी कोमट. हे ऐकलं की काहीजण डोळे मिटून गॅस भरतात. एका घरात दोनदा गॅस भरून झाला होता, त्यानंतर मला बोलावलं. वरच्या कप्प्याची मागची पट्टी काढली तर आतली कॉइल, म्हणजे थंडावा देणारी नळ्यांची वेटोळी, बर्फाने पूर्ण गच्च. या फ्रिजमध्ये थंड हवा पंख्याने खाली ढकलली जाते. कॉइलवरचा बर्फ ठरावीक वेळाने वितळवायला हीटर असतो. तो हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडला की बर्फ साचून हवेची वाट बंद होते. गॅस शाबूत होता, सेन्सर गेला होता.

याची परीक्षा घरी करता येते. फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण २४ तास बंद ठेवा. पुन्हा लावल्यावर चार-आठ दिवस झकास चालला आणि मग परत खालचा भाग गरम व्हायला लागला, तर डीफ्रॉस्टचा बिघाड आहे. मेकॅनिकला नेमकं हेच सांगा, त्याचे तास आणि तुमचे पैसे वाचतील. आणि त्याआधी आतल्या हवेच्या झरोक्यांसमोर पातेली रचलेली नाहीत ना, ते बघा. दिवाळीच्या फराळाचे डबे ठेवले आणि ‘फ्रिज बिघडला’ अशा दोन तक्रारी तरी मी दरवर्षी नुसते डबे हलवून मिटवतो. त्याचे पैसे मागायलाही लाज वाटते.

दाराच्या रबराकडे कुणाचं लक्षच नसतं. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. थोडी अडकत यायला हवी. सुळकन सुटली तर तिथून थंडावा जातोय. चारही बाजूंनी करून बघा. बहुतेक वेळा रबर खराब नसतं, त्याच्या घड्यांत सांडलेलं दूध, सरबताचा पाक आणि पावसाळ्यातली काळी बुरशी बसलेली असते. कोमट साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासा, कोरडं पुसा. रबर चेपलं असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकलं की ते पुष्कळदा पूर्ववत होतं. दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, याची शंका असेल तर मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवा आणि दार लावा. दिवा चालूच राहत असेल तर तो आत उष्णता सोडतोय.

फ्रिजच्या मागे आणि बाजूंना वीतभर नाही तरी चार बोटं जागा सोडा. लहान स्वयंपाकघरात ते जड जातं, मान्य. पण विणलेलं कव्हर दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत सोडायचं, वर पेपरांची रद्दी ठेवायची आणि पावसाळ्यात मागच्या जाळीवर मोजे वाळत घालायचे, हे तरी टाळता येईल! जाळीवरची धूळ सहा महिन्यांतून एकदा, प्लग काढून, कोरड्या ब्रशने झाडा. विदर्भातल्या मे महिन्यात फ्रिज जास्त वेळ चालणारच. स्टिकरवर ‘टी’ वर्ग लिहिलेला फ्रिजसुद्धा ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर तर संथ गतीने जवळजवळ सतत चालतो, तो बिघाड नाही.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीतलं छोटं भोक तुंबलेलं असतं. कोथिंबिरीची काडी काढा, कोमट पाणी सोडा, काम झालं. ते पाणी जाऊन साचतं तो मागचा ट्रे मात्र दर आठवड्याला धुवा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साचलेलं स्वच्छ पाणी हवं असतं. आरोग्य कर्मचारी घरात येऊन फ्रिजमागे वाकून बघतात, ते त्याचसाठी.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद दारात खालचा कप्पा चारेक तास निभावतो, भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त. वीज आल्याबरोबर लगेच चालू करण्यापेक्षा पाच मिनिटं थांबा, नळ्यांतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. ‘टक्’ आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल आणि दर थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’ होत असेल, तर आधी घरातला व्होल्टेज बघा, मग रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा स्विच. कॉम्प्रेसर गेला असं लगेच मानू नका. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र प्लग काढा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून चालवणं हा जिवाशी खेळ आहे.

घर बदलताना फ्रिज टेम्पोत उभाच न्यायचा. आडवा करावाच लागला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. नव्या घरी उभा केल्यावर निदान रात्रभर तसाच ठेवा, मग प्लग लावा. तेवढा वेळ दूध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा, नव्या शेजाऱ्यांशी ओळखही होते.