डॉलर गुणिले ५५: परदेशात घराची किंमत तोलताना या चुका टाळा

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नेट-पॉइंट कुकच्या पट्ट्यात, नव्याने आलेलं मराठी कुटुंब ओळखायची एक खूण आहे. शनिवारी घर बघायला जातात, एजंट सात लाख डॉलर म्हणतो आणि नवरा खिशातून फोन काढून, ऑस्ट्रेलियन डॉलरचे ५५ रुपये धरून, कॅल्क्युलेटर उघडतो. पुढचं वाक्य मला पाठ आहे. "काका, तीन कोटी पंच्याऐंशी लाख! एवढ्यात बाणेरला दोन-तीन फ्लॅट येतील." येतील ना. पण बाबा, तुझा पगार बाणेरात होत नाही.

सोळा वर्षांत असे किमान तीस जण माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गेले. चहा होतो, चिवडा होतो, मग तोच गुणाकार. परवा एकाने तर लॅपटॉपच उघडला. आठ शहरांची एक्सेल शीट, प्रत्येक शहराचा चौरस फुटाचा दर रुपयांत. शीट सुंदर होती, रंगबिरंगी होती आणि संपूर्ण निरुपयोगी होती. त्यानंतर ठरवलं, एकदाच लिहून टाकू आणि पुढच्या वेळी चहासोबत हेच पुढे करू.

गुणाकार आणि त्याचा जुळा भाऊ भागाकार

विनिमयाचा दर पैसा इकडून तिकडे पाठवताना कामाचा. घर परवडतं की नाही हे त्यावरून कळत नाही. घर परवडतं ते हातात येणाऱ्या पगारावर आणि महिनाअखेर उरणाऱ्या शिलकीवर. एवढं साधं आहे, तरी चांगले शिकलेले लोक इथंच घसरतात. मीही घसरलो, आणि उलट्या बाजूने.

२०१३ साल. पुनावळ्यातल्या एका बिल्डरचं ब्रोशर मेव्हण्याने पाठवलं. टू बीएचके, ११०० चौरस फूट, ६० लाख. मी ५५ने भागलं: एक लाख नऊ हजार डॉलर. "अगं, एवढ्यात इथं नुसतं गॅरेजसुद्धा येत नाही!" मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, आधी राहायला घर बघू या. त्याच महिन्यात आम्ही इथं ४ लाख १५ हजार डॉलरचं एक घर पाहून आलो होतो, मागे लिंबाचं झाड असलेलं. तिला ते आवडलं होतं. मला ते 'सव्वादोन कोटींचं' दिसत होतं. साठवलेली सगळी रक्कम पुण्याला गेली.

पुढचं थोडक्यात. ताबा पंधरा महिने उशिरा. ११०० फूट हे सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. आतून टेप लावला तर ७७० भरले. गृहकर्ज सव्वादहा टक्क्यांनी. भाडं महिना १४ हजार, त्यातून सोसायटीचा मेन्टेनन्स ३ हजार. म्हणजे ६० लाखांवर हातात वर्षाला सव्वादोन टक्के. 'स्वस्त' वाटलेली वस्तू दर महिन्याला माझ्याच खिशातून पैसे काढून घेत होती.

२०२१ मध्ये ६४ लाखांना विकायला काढला. नोंदणीच्या तीन दिवस आधी रात्री खरेदीदाराचा फोन. "साहेब, माझा सीए म्हणतो एक टक्का नाही, जवळजवळ तेवीस टक्के कापायला लागणार." मला वाटलं, घासाघीस करतोय. नव्हता करत. भारतात राहणाऱ्याने ५० लाख किंवा त्याहून वरची मालमत्ता विकली तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. विकणारा अनिवासी असला तर नियम वेगळा. माझ्या बाबतीत तो सरचार्ज-सेस धरून पूर्ण विक्री रकमेवर २२.८८ टक्के बसला. नफ्यावर नव्हे, ६४ लाखांवर. साडेचौदा लाख सरकारजमा. त्या वेळच्या नियमाप्रमाणे महागाई निर्देशांक लावून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईइतकी वाढवून, हिशेब केला तर मला तोटाच झालेला, कर शून्य. रक्कम रिटर्न भरल्यावर परत आली, पण जवळजवळ वर्षाने. आणि ते लिंबाचं झाडवालं घर त्याच वर्षी ६ लाख ८० हजारांना गेलं. आम्ही अजून त्या रस्त्याने जात नाही. म्हणजे बायको जाते, मी जात नाही.

हे टाळायचा मार्ग होता. कमी टीडीएसचा दाखला आयकर खात्याकडून आधीच काढता येतो. त्याला आठवडे लागतात, म्हणून विसार घेण्याआधी अर्ज टाकायचा, नोंदणीची तारीख ठरल्यावर नाही. आता नियम आणखी बदललेत: २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के आणि अनिवासींना निर्देशांकाचा फायदा नाही. सीए बघा. मेव्हण्याला विचारू नका.

याच्या पोटात आणखी एक गैरसमज असतो: "रुपया पडतच असतो, म्हणून इकडचं घर आपोआप फायद्यात." ते अमेरिकेतल्या चुलतभावाचं गणित. २०१३ मध्ये अमेरिकन डॉलर साठीच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८३-८४. ऑस्ट्रेलियन डॉलर तेव्हाही पंचावन्नच्या आगेमागे आणि अकरा वर्षांनीही तिथंच. डॉलर म्हटलं की सगळे एकच समजायचे, ही सवय आधी सोडा.

आता माझी पद्धत. पद्धत कसली, सवय. दोनशे पानी वही, मध्ये उभी रेघ, डावीकडे तिकडचं, उजवीकडे इकडचं, आणि दोन्हीकडे एकच एकक: महिने. मनाशी धरलेले आकडे घेऊ. पुण्यात नवरा-बायको मिळून हातात १ लाख ६० हजार, फ्लॅट १ कोटी १० लाख. म्हणजे ६९ महिन्यांचा पगार. मेलबर्नला दोघांचे मिळून हातात १० हजार ५०० डॉलर, घर सात लाख. ६७ महिने. बघा, 'तीन कोटी पंच्याऐंशी लाख' कुठे विरले!

पण इथं थांबायचं नाही, खरी गोम शिलकीत आहे. पुण्यात महिना ७० हजार उरत असतील, तर २० टक्के स्वतःचे, ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी मिळून ३० लाख जमवायला ४३ महिने. इथं भाडं आणि पाळणाघर गेल्यावर अडीच हजार डॉलर उरले, तर १ लाख ४० हजार डिपॉझिट आणि पहिल्या घराची सवलत वजा जाता पंचवीसेक हजार मुद्रांक शुल्क जमवायला ६६ महिने. पगाराच्या मापाने दोन्ही घरं सारखी, शिलकीच्या मापाने मेलबर्नचं दीडपट लांब. ज्याचं मूल पाळणाघरातून शाळेत जाणार आहे त्याचे महिने झपकन कमी होतात. हे कुठल्या एक्सेलमध्ये दिसत नाही, कारण त्यात आपलं मूल नसतं.

"एवढं कोण लिहीत बसणार, इंटरनेटवर परवडण्याची क्रमवारी असते की," असं सांगणारेही भेटतात. त्यांना मी दुसरा चहा देत नाही.

चौरस फूट म्हणजे चौरस फूट नव्हे

दुसरी लाडकी चूक. महाराष्ट्रात रेरा हा घरखरेदीदारांसाठीचा कायदा आल्यापासून कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या क्षेत्रफळावर, दर सांगायचा नियम आहे, तरी बोलण्यात अजून सेलेबल चालतं. इथले बिल्डर घर 'स्क्वेअर'मध्ये सांगतात. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, आपल्याकडचे प्लास्टर-फरशीवाले ज्याला ब्रास म्हणतात तेच. २६ स्क्वेअरचं घर म्हणजे २६०० फूट, असं ऐकून माणूस हुरळतो. त्यात गॅरेज आलं, पुढचा पोर्च आला, मागची छपरी आली आणि बाहेरच्या भिंतींची जाडीही आली. उलट खालची ४०० चौरस मीटर जमीन, म्हणजे जवळजवळ चार गुंठे, तुमच्या नावावर येते. तिला पुण्याच्या आठव्या मजल्यावर तोडच नाही. मग दर फुटाला भागून तुलना कशाची करताय? एका बाजूला घर अधिक माती, दुसऱ्या बाजूला घर अधिक लिफ्ट.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने नवं घर बांधायला दिलं. डिस्प्ले होममध्ये, म्हणजे बिल्डरच्या नमुन्याच्या घरात, गेले, दगडी ओटा, उंच छत, टांगते दिवे, सगळं पाहून भारावले आणि ब्रोशरवरच्या मूळ किमतीवर मान डोलावली. मूळ किमतीत ते दिवे नव्हते, तो ओटा नव्हता, उंच छतही नव्हतं. हे एक वेळ कळलं असतं. त्यांना मारलं ते जमिनीने. मेलबर्नच्या पश्चिमेचं सपाट मैदान ज्वालामुखीच्या लाव्हाचं आहे. खाली बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीतला तोच काळा पाषाण, आणि वर ओलीने फुगणारी, उन्हाने भेगाळणारी चिकणमाती. तो दगड फोडायचा, पाया जाड घ्यायचा, याचा खर्च वेगळा. कॉन्ट्रॅक्टमध्ये 'साइट कॉस्ट' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे अंदाजे रक्कम. अंदाज १८ हजारांचा होता, बिल ४१ हजारांचं आलं. वर ड्राइव्ह-वे, कुंपण, पडदे. तो माणूस मूळचा साताऱ्याचा. मला म्हणाला, "विहीर खणताना पाषाण लागला की आजोबा काय म्हणायचे ते आज कळलं."

म्हणून मी दोन गोष्टी करतो. एक, पाच मीटरचा टेप गाडीत कायम. बेडरूम भिंत ते भिंत मोजायची, कपाटं सोडून. एजंट हसतो, हसू दे. दोन, साइट कॉस्ट 'फिक्स्ड' लिहून मिळत नसेल तर सही नाही. घाई करणाऱ्यांना सेल्सवाला हमखास सांगतो की ऑफर याच रविवारपर्यंत आहे. पुढच्या रविवारी पण असते.

बाकीच्या, पटापट

व्हिसा न बघता घरं बघणे. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात टेम्पररी व्हिसावाल्यांना, मोजके अपवाद सोडले तर, इथं जुनं घर घेता येत नाही. नवं घेता येतं, पण परवानगी लागते आणि व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, परकीय खरेदीदाराला नेहमीच्या मुद्रांक शुल्काशिवाय घराच्या किमतीवर आणखी ८ टक्के. पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा व्हिसा, येईपर्यंत वही भरा, घरं बघू नका. उगाच जीव जडतो.

व्याजदराची वरवर तुलना. "तिकडे साडेआठ, इकडे सहा" एवढ्यावर खूश होऊ नका. इथला 'फिक्स्ड' दर बहुधा एक ते पाच वर्षांचाच असतो, नंतर बाजारभावाने. इथल्या रिझर्व्ह बँकेचा दर मे २०२२ च्या सुरुवातीला ०.१० होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये ४.३५ झाला. दोन टक्क्यांवर बांधून घेतलेल्यांची मुदत संपली तेव्हाचे चेहरे मी पाहिलेत. बँका स्वतः तीन टक्के जास्तीचा दर धरून तुमची ऐपत तपासतात. तुम्हीही तेच करा.

२० टक्क्यांपेक्षा कमी डिपॉझिट भरून बँकेच्या विम्याचा हप्ता विसरणे. तो विमा बँकेसाठी असतो, पैसे तुमचे जातात.

पॅकेजला पगार समजणे. इथल्या पॅकेजमध्ये पेन्शनचा वाटा धरलेला असू शकतो, जसा तिकडच्या सीटीसीत पीएफ.

पुण्यातलं भाडं इथल्या रिटर्नमध्ये न दाखवणे. पीआर झालात की जगभरचं उत्पन्न दाखवायचं असतं. "कोणाला कळतंय" म्हणणाऱ्याशी मी या विषयावर बोलत नाही.

गावी घर नावावर आहे म्हणून पहिल्या घराची सवलत मिळणार नाही असं धरून चालणे. व्हिक्टोरियात ऑस्ट्रेलियातली मालकी बघतात. साताऱ्याचा वाडा चालतो.

लिलावाला 'नुसतं बघायला' जाऊन हात वर करणे. एरवीच्या खरेदीत तीन कामकाजाचे दिवस मागे फिरायला मिळतात, लिलावात हातोडा पडला की संपलं.

आणि भाडं. इथं ते आठवड्याचं सांगतात. ५०० म्हणजे महिना दोन हजार नव्हे; गुणिले ५२, भागिले १२, २ हजार १६७ होतात. मी पहिल्या वर्षी चारने गुणून बजेट मांडलं होतं आणि डिसेंबरात दोन हजार डॉलर कुठे गेले म्हणून बायकोच्या किराण्याच्या पावत्या तपासत बसलो होतो. ती अजून आठवण करून देते.