ठाणे-वाशी लोकल आणि डिस्ट्रिब्युटेड सिम्युलेशन: वेग मोजताना

डिस्ट्रिब्युटेड सिम्युलेशन म्हणजे एकच सिम्युलेशन अनेक प्रोसेसमध्ये वाटून एकाच वेळी चालवणं. त्याने वेग किती वाढला हे मोजायला ठाणे-वाशी मार्ग मॉडेल म्हणून घ्या. प्रत्येक स्टेशन एक लॉजिकल प्रोसेस (स्वतःचं घड्याळ असलेला स्वतंत्र भाग), गाडीचं सुटणं-पोचणं हे इव्हेंट. नवख्यांसाठी हे मॉडेल उत्तम, कारण त्यातला लुकअहेड, म्हणजे 'इतक्या वेळेत माझ्याकडून काही येणार नाही' ही हमी, डोळ्यांना दिसतो: रबाळ्याहून सुटलेली गाडी ठरावीक वेळेआधी घणसोलीला पोचूच शकत नाही.

वेगाआधी उत्तर तपासा. वाशीकडची आणि पनवेलकडची गाडी तुर्भ्याला एकाच टाइमस्टॅम्पवर (सिम्युलेशनमधल्या वेळेवर) आली, तर आधी कोण, हा नियम कोडमध्ये पक्का हवा. नाहीतर दर रनला निकाल बदलतो. रँडम सीडही (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात ती संख्या) प्रत्येक प्रोसेसला वेगळं आणि कायमचं द्या.

सर्वांत जास्त फसगत तुलनेत होते. समजा, समांतर प्रोग्रॅमला 1 कोअरवर 100 सेकंद लागतात, 8 कोअरवर 20. वेग पाचपट झाला असं लिहिण्याचा मोह होतो. पण साधा सीक्वेन्शियल सिम्युलेटर तेच काम 60 सेकंदांत करत असेल, तर खरी वाढ तिप्पटच. भागायचं ते या 60 ला.

चँडी-मिस्रा-ब्रायंट पद्धतीत प्रोसेस शेजाऱ्याकडून आधीचा इव्हेंट येणार नाही याची खात्री होईपर्यंत थांबते; ती खात्री देणारे रिकामे निरोप म्हणजे नल मेसेज. ते वेगळे मोजा. गाड्या दोन्ही दिशांना धावतात, म्हणून शेजारच्या स्टेशनांत एकमेकांची वाट पाहण्याचं चक्र तयार होतं. पुढचा खरा इव्हेंट 120 सेकंदांवर असेल आणि लुकअहेड 1 सेकंद, तर तिथवर सरकायला 120 नल मेसेज लागतात; लुकअहेड 60 केला की 2. म्हणून एकाच लुकअहेडवरचा आकडा फारसं काही सांगत नाही, किमान चार-पाच किमतींवर रन घ्या.

1985 मध्ये जेफरसन यांनी मांडलेल्या टाइम वॉर्पमध्ये प्रोसेस थांबत नाही, चुकली तर रोलबॅक करते, म्हणजे मागे जाऊन केलेलं काम रद्द करते. इथे फक्त कमिट झालेले, म्हणजे शेवटी रद्द न झालेले, इव्हेंट धरा. 10 लाख चालले, 6 लाख टिकले, तर कार्यक्षमता 60 टक्के. जीव्हीटी (ग्लोबल व्हर्च्युअल टाइम, जिच्या मागे कुठलीही प्रोसेस रोलबॅक करणार नाही ती वेळ) क्वचित काढलं तर रोलबॅकसाठी जपलेल्या जुन्या स्टेट साचून मेमरी भरते. फार वेळा काढलं तर सगळ्या प्रोसेस त्यातच अडकतात.

लॅपटॉपवरचे आकडे तापमानाने हलतात. प्रोसेस कोअरला बांधा, पहिला रन सोडून द्या, पुढच्या 10 चा मध्यक आणि फैलाव दोन्ही द्या.

आणि या मॉडेलची एक मर्यादा आहे: इव्हेंट फार हलके आहेत. वेगवेगळ्या मशीनवर मेसेज पोचवायलाच इव्हेंटपेक्षा जास्त वेळ जातो. अशा वेळी ठाणे ते घणसोली एका प्रोसेसमध्ये, कोपरखैरणे ते वाशी दुसऱ्या, असे गट करा, किंवा पीहोल्ड (PHOLD) हा अशा सिम्युलेटरांसाठीचा कृत्रिम बेंचमार्क वापरून इव्हेंटचं वजन हवं तसं वाढवत न्या.