आधी वारा ठरवा, मग खडक काढा: गेम आर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

गेम स्टुडिओत एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट (गेममधली निसर्गदृश्यं, जागा घडवणारा) म्हणून शिरू पाहणाऱ्यांना जी आर्ट टेस्ट देतात, तिच्यात हा विषय अधूनमधून येतोच: काल्पनिक जगाच्या उत्तर टोकाचा गारठलेला समुद्र आणि त्यात किनाऱ्यापासून लांब, उघडीबोडकी खडकाळ बेटं. सोपा आहे म्हणून देतात असं समजू नका. झाडं नाहीत, घरं नाहीत, भडक रंग नाहीत; लपायला जागाच नाही. तुम्हाला काय येतं नि काय येत नाही, ते लगेच उघडं पडतं.

मी हे काम करतो आणि हल्ली अशा टेस्ट तपासायलाही बसतो. बहुतेकांची बेटं दिसायला झकास असतात, पण चारही बाजूंनी सारखीच. मग मी एकच विचारतो, "इथे वारा कुठून येतो?" याचं उत्तर ज्याच्याकडे असतं, त्याच्या बाकीच्या चुका पुढे सुधारता येतात.

कारण अशा बेटाचं जवळजवळ सगळं वाऱ्यावरून ठरतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं सेंट किल्डा बघा. वारे मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून, आणि त्या बाजूला हजारो किलोमीटर मोकळा अटलांटिक. जितकं पाणी मोकळं, तितकी लाट मोठी. हिर्ता हे तिथलं मुख्य बेट. त्यावरचं एकमेव गाव वसलं ते आग्नेयेला उघडणाऱ्या खाडीत, डोंगराच्या आडोशाला. तिथेसुद्धा समुद्र खवळला की होडी लागत नसे. म्हणून तुमच्या काल्पनिक नकाशावर पहिला बाण वाऱ्याचा काढा. झीज कुठे, घळी कुठे, उतरायची जागा कुठे, गवत कुठे टिकेल, हे त्या बाणामागून आपोआप येतं.

आता खडकाच्या रंगाकडे या, कारण इथेच पोरं सगळ्यात जास्त मार खातात. सरसकट करडा रंग मारून मोकळी होतात. उत्तर अटलांटिकच्या कुठल्याही कातळावर खालून वर नजर फिरवली तर पट्टे दिसतात. भरतीच्या रेषेपर्यंत बार्नकल (खडकाला चिकटून राहणारे कवचाचे जीव) आणि शेवाळ. त्याच्या लगेच वर काळा पट्टा, लांबून डांबर सांडल्यासारखा. त्यावर पिवळा-नारिंगी, त्याच्याही वर राखाडी. हे वरचे तिन्ही पट्टे दगडफुलांचे. खाऱ्या तुषारांची सवय कुणाला किती, यावरून त्यांच्या जागा ठरतात. सब्स्टन्समध्ये (पृष्ठभागाला रंग-पोत देण्याचं सॉफ्टवेअर) उंचीचा मास्क, म्हणजे कुठल्या उंचीवर कुठला रंग हे ठरवणारा थर, लावून हे पट्टे पाच मिनिटांत येतात, आणि सगळे तिथेच थांबतात. पण वाऱ्याच्या बाजूला लाटा उंच उडतात, त्यामुळे तिथे हेच पट्टे कितीतरी वर चढलेले आणि रुंद झालेले असतात. आडोशाला ते दाटीवाटीने पाण्याजवळ बसतात. मास्क सपाट ठेवू नका, वाऱ्याच्या दिशेने तिरका करा. टेस्टमध्ये हे दिसलं की मी खुर्चीत सरसावून बसतो.

पक्ष्यांचंही तसंच. कड्यावर पांढरे ओघळ वाटेल तिथे उतरवू नका. विष्ठा कपारीच्या खालीच ओघळते. अरुंद कपारींवर गिलेमॉट आणि किटिवेक दाटी करतात, तर पफिन माथ्यावरच्या मऊ मातीत बिळं करतात. म्हणजे पफिन दाखवायचे असतील तर आधी माती दाखवावी लागेल. जिथे पाखरांची वस्ती, तिथे खत. जिथे खत, तिथे गवत हिरवंगार. राखाडी बेटाच्या माथ्यावर तेवढाच तजेलदार हिरवा तुकडा का, याचं उत्तर असं तयार असतं.

आपल्याकडच्या मुलांना एक फायदा आहे, तो फार कुणी वापरत नाही. उत्तर अटलांटिकमधली फेरो बेटं सह्याद्रीसारखीच बेसॉल्टच्या थरावर थर चढून झालेली आहेत, तीही साडेपाच-सहा कोटी वर्षांपूर्वी. ट्रेकला काढलेले कोकणकड्याचे फोटो थरांच्या अभ्यासाला उत्तम. मात्र थर घ्या, कडा-कोपरे घेऊ नका. सह्याद्रीचा दगड पावसाने आणि उष्णतेने कुजतो, लाल माती होते. तिकडे फटीत पाणी गोठून दगड फोडतं, तुकडे धारदार पडतात. आणि ग्रॅनाइटचं बेट असेल तर थर विसरा. रॉकॉल बघा: अटलांटिकमध्ये एकटा उभा, उंची जेमतेम 17 मीटर, वादळात लाटा त्याच्या डोक्यावरून जातात.

प्रकाशाचं गणित थोडक्यात. तुमचा समुद्र 60 अंश उत्तरेला धरलात तर डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसहा अंशांवरच असतो. दुपारची सावली लांबलचकच हवी. आणि बेट किती लांबून दिसेल, तर उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला 3.57 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. 100 मीटरच्या सुळक्याचं साधारण 36 येईल, त्यात जहाजावरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीचं उत्तर मिळवा. गेममध्ये अंतरं आखडावी लागतातच, पण किती आखडली हे माहीत असू द्या.

बेटावर माणसं राहून गेली असं दाखवायचं तर ती काय खात होती ते ठरवा. सेंट किल्डाचे लोक कड्यांवरून दोर सोडून फुलमार आणि गॅनेट ही समुद्रपाखरं पकडत, आणि ते दगडी कोठारांत वाळवून ठेवत. क्लीट म्हणतात त्या कोठारांना. वारा आरपार जावा म्हणून भिंतीत चुना-माती नाही. आजही तिथे अशी हजाराहून जास्त उभी आहेत. 1727 मध्ये तिथल्याच एका सुळक्यावर पाखरं धरायला तीन पुरुष आणि आठ मुलं उतरली. मागे गावात देवीची साथ आली, होडी घेऊन यायला कुणी उरलं नाही. अख्खा हिवाळा ती त्या खडकावर जगली. 1930 मध्ये उरलेले 36 जण बेट सोडून गेले. स्टोरी टीमला असा तपशील नेऊन दिलात तर तुम्ही केवळ खडक बनवणारे राहत नाही, मीटिंगला बोलावतात.

कोर्सबद्दल विचाराल तर अनरिअल (गेम इंजिन) आणि ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) कुठेही शिकता येतं. भूगोल किंवा भूशास्त्र घेऊन पदवी केलेल्यांनी ती बायोडेटात खाली दडवू नये, वर लिहावी. आणि सुरुवातीची नोकरी बहुधा आउटसोर्सिंगची मिळेल: परदेशी गेमसाठी महिनोन्महिने सुटे दगड. हात बसतो, पण गुप्ततेच्या करारामुळे गेम बाजारात येईपर्यंत त्यातलं काही दाखवता येत नाही, कधीकधी नंतरही नाही. म्हणून स्वतःचं एक बेट शनिवार-रविवारी चालू ठेवा. पोर्टफोलिओत दहा अर्धवट बेटांपेक्षा ते एकच टाका, सोबत वाऱ्याचा बाण काढलेला नकाशा जोडा, आणि वाऱ्याची बाजू व आडोशाची बाजू असे दोन स्क्रीनशॉट शेजारीशेजारी लावा.