भट्टीजवळचा हिशेब

सीएमए (कॉस्ट अकाउंटन्सी) इंटर झाल्यावर सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यात, मला एफपी अँड ए (फायनान्शियल प्लॅनिंग अँड ॲनालिसिस) ॲनालिस्टची नोकरी लागली. आई अजूनही पाहुण्यांना 'अकाउंटला आहे' असंच सांगते. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. अकाउंटवाले झालेला खर्च नोंदवतात. तो बजेटपेक्षा का वाढला आणि पुढच्या तिमाहीत किती होईल, हे आम्हाला विचारतात.

महिन्याचे पहिले पाच-सहा दिवस क्लोजिंगची, म्हणजे मागच्या महिन्याचे हिशेब बंद करायची धावपळ, मग व्हेरियन्स (बजेट आणि प्रत्यक्ष यातला फरक), मग रिव्ह्यू मीटिंग. वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून बजेट मानगुटीवर बसतं.

तिसऱ्याच महिन्यात मी तोंडावर आपटले. विजेचा खर्च बजेटच्या वर गेला होता. स्लाइडवर मी ठोकून दिलं, 'वीजदर वाढल्यामुळे'. प्लांट हेडनी एवढंच विचारलं, "बिल बघितलंस?" बघितलं नव्हतं. दर जिथल्या तिथे होता.

दुपारी मेल्टिंगला गेले. भट्टीवरचे मामा लॉगबुक पुढे करत म्हणाले, "मॅडम, भट्टी टनाला तेवढीच वीज खाती. माल परत भट्टीत यायलाय, त्याला काय करायचं?"

समजायला सोपं जावं म्हणून गोल आकडे घेते. टनभर लोखंड वितळवायला 600 युनिट धरा. ओतलेल्या 100 किलोतले 40 किलो रनर-रायझरमध्ये (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटा आणि जादा धातूचे साठे, जे नंतर तोडून काढतात) जातात, कास्टिंग मिळतं 60 किलो. म्हणजे विकण्याजोग्या टनामागे 1000 युनिट. त्या 60 मधले 6 किलो रिजेक्ट झाले की उरले 54, आणि तोच आकडा 1111 वर जातो. रिजेक्ट माल पुन्हा वितळतो, म्हणून मटेरियलच्या ओळीत फारसं काही दिसत नाही. वीज आणि मजुरी मात्र दुसऱ्यांदा लागते. मी भागत होते वितळलेल्या टनांनी, भागायला हवं होतं पास झालेल्या टनांनी.

या कामात यायचं असेल तर सांगते, एक्सेल, पिव्होट, ईआरपी (कंपनीचं हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) दोन-तीन महिन्यांत हाताला बसतं. स्टँडर्ड कॉस्टिंग (खर्च किती यायला हवा ते आधी ठरवून प्रत्यक्षाशी ताडणं) मात्र पक्कं करूनच या, आणि व्हेरियन्स भाव, वापर आणि प्रॉडक्ट मिक्स (कुठला माल किती प्रमाणात) असा फोडायला शिका. क्लोजिंग स्टॉकवर (महिनाअखेर शिल्लक मालावर) तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. विक्री न वाढता नुसतं उत्पादन वाढलं की फिक्स्ड खर्चाचा (उत्पादन कितीही झालं तरी तेवढाच राहणाऱ्या खर्चाचा) काही भाग स्टॉकमध्ये जाऊन बसतो आणि त्या महिन्याचा नफा फुगलेला दिसतो. मीटिंगमध्ये सगळे खूश असतात. पुढच्या महिन्यात तेच लोक जाब विचारायला तुमच्याकडे येतात.

आता क्लोजिंगच्या आधी एक चक्कर भट्टीवर असतेच. मामा आता न विचारताच लॉगबुक काढून ठेवतात. सेफ्टी शूज तेवढे स्वतःच्या मापाचे आणा. आमच्या स्टोअरमध्ये सातच्या खाली नंबर नव्हता, पहिले दोन महिने मी पुढे कापूस कोंबून फिरले.