वर्खाचे जुने भिंतदिवे: ओलं फडकं आणि इतर चुका

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत नाहीतर फ्रान्समध्ये घडवलेले, कोरीव लाकडावर वर्ख चढवलेले भिंतदिवे हाती आले की पहिल्यांदा ते पुसावेसे वाटतात. दोनशे वर्षांची काजळी दिसत असते, आपण फडकं ओलं करतो आणि तिथेच घात होतो.

वर्खाखाली काय आहे ते आधी बघा. कोरलेल्या लाकडावर सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद, त्यावर सरसात कालवलेल्या खडूचे किंवा जिप्समचे थर, मग तांबडी चिकणमाती, तीही सरसातलीच. ती भिजवून त्यावर वर्ख बसवायचा आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढी, आणि सरस तर पाण्याने सुटतो! ओलसर कापूस कोरीव पानाच्या उंचवट्यावर दोनदा फिरवला की विटकरी होतो. तो मळ नव्हे, वर्खाखालची माती आहे. वर्ख त्याआधीच गेलेला असतो. मऊ, कोरडा ब्रश हलक्या हाताने फिरवावा, आणि पोपडे सुटत असतील तर तोही नको.

पाणी नको म्हणून काही जण स्पिरिट घेतात. इटलीतल्या बऱ्याच कामांत सोनं नसतंच. चांदीच्या वर्खावर पिवळसर वॉर्निश देऊन सोन्याचा भास आणलेला असतो. तिकडे त्याला ‘मेक्का’ म्हणतात. स्पिरिटने ते वॉर्निश निघालं की पांढरी चांदी उघडी पडते आणि पुढे काळवंडते.

झिजलेल्या कडांवर तांबडी माती दिसते, ती मला तरी फार देखणी वाटते. तिच्यावर डब्यातला सोनेरी रंग फासू नका. त्यात बहुधा पितळेची पूड असते, काही वर्षांत तपकिरी पडते. आधीच्या मालकाने तो फासलाच असेल तर खरवडायला बसू नका. खाली मूळ वर्ख शाबूत असू शकतो. ते काम जाणत्या संवर्धकाचं.

फ्रान्सच्या सोळाव्या लुई राजाच्या काळातल्या घडणीत वर बहुतेक वेळा कोरलेल्या फितीची गाठ असते, जणू सगळा दिवा तिच्यावरच लटकलाय. लोक खरंच त्या फितीच्या फासात खिळा अडकवतात. फीत वळते तिथे लाकडाचे तंतू आडवे तुटलेले असतात, वजनाने ती कट्कन मोडते. भार मागच्या फळीवरच्या कडीने घ्यावा.

वीज घ्यायची तर वायरसाठी दिव्याच्या कोरीव फांदीत भोक पाडू नका. बारीक वायर मागून नेऊन दोऱ्याने बांधता येते. बल्ब एलईडीच घ्या. मेणबत्ती मुळीच नको.

मुंबईत, कोकणात असे दिवे असतील तर पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. दमट हवेत लाकूड फुगतं, एसीत आकसतं, वर्खाखालच्या खडूच्या लेपाला ते झेपत नाही आणि पोपडे उठतात. पडलेला प्रत्येक तुकडा पाकिटात ठेवा, कुठून निखळला त्याचा फोटो काढा. सुपरग्लूने स्वतः चिकटवलात, तर पुढच्या माणसाला तो सोडवताना आजूबाजूचा वर्खही गमवावा लागेल.