मृगाआधी विहीर पुनर्भरण: पाणी घ्या, गाळ आणि तणनाशक बाहेर ठेवा

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, आष्टी या अवर्षणप्रवण पट्ट्यात मृग लागण्याआधीचे पंधरा-वीस दिवस विहीर पुनर्भरणाच्या, म्हणजे पावसाचे वाहते पाणी गाळून विहिरीत सोडण्याच्या, तयारीचे. पण चारी खोदून गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नका, त्याने विहीरच बाद होते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. काळ्या रानातला चिकण गाळ त्या भेगांत बसला की झरे बुजतात. विहिरीच्या तळाचा गाळ उपसता येतो, भेगेतला निघत नाही. बोअरमध्ये तर शिवारातले वाहते पाणी सोडूच नका.

एकरभर रानावर 25 मिमी पाऊस म्हणजे साधारण 1 लाख लिटर पाणी. त्यातले पाव वाहून आले तरी 25 हजार लिटर, म्हणून थोडे पण स्वच्छ घ्या.

विहिरीपासून तीनेक मीटर अंतरावर दोन खड्डे बांधून घ्या. पहिला गाळ बसण्यासाठी, 1.5 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 1 मीटर खोल. दुसरा गाळणीचा, लांबी, रुंदी, खोली तिन्ही 2 मीटर. त्यात तळाला 40 सेंमी दगडगोटे, वर 40 सेंमी खडी, त्यावर 40 सेंमी वाळू. उरलेली जागा पाण्यासाठी मोकळी. दगडगोट्यांच्या थरातून छिद्रे पाडलेला, जाळी गुंडाळलेला 4 इंची पाइप विहिरीत न्या. पाइप कडेपासून दोनेक फूट आत काढा, नाहीतर धारेने मातीचा काठ ढासळतो. जास्तीचे पाणी जायला पहिल्या खड्ड्याला सांडवा हवाच.

गाळणीसाठी ओढ्यातली वाळू उचलू नका. ती वाळूच ओढ्याचे पाणी धरते. ती गेली की काठच्या विहिरी लवकर आटतात. क्रशरची वाळू भुकटी निघेपर्यंत धुऊन वापरा.

पहिले दोन-तीन मोठे पाऊस पाइपला टोपण लावून पाणी सांडव्याने जाऊ द्या. त्या पाण्यात उकिरड्याची घाण, खत, औषधांचे अंश असतात. नंतर टोपण काढून पाइपचे पाणी काचेच्या बाटलीत भरून अर्धा तास हलवू नका. तळाला बोटभर गाळ बसला तर पाइपचे टोपण पुन्हा लावा. पाणी तसेच गढूळ राहिले, तरीही लावा. चिकणमातीचे बारीक कण वाळूतूनही निसटतात.

मका किंवा उसात अॅट्राझीन मारले असेल तर त्या रानाचे पाणी यंदा गाळणीकडे वळवू नका. हे तणनाशक पाण्यात विरघळलेले असते, वाळू ते अडवत नाही. खतातल्या नायट्रेटचेही तेच, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. म्हणून पिण्याच्या विहिरीत शेतातले पाणी घेऊच नका, छपराचे घ्या. 100 चौरस मीटर पत्र्यावर 500 मिमी पावसात गळती धरूनही 40 हजार लिटर मिळते.

वाळूवर पाणी तासन् तास तुंबू लागले की वरचा 5 सेंमी थर खरवडून काढा, उन्हात वाळवा, धुवा आणि परत पसरा.