‘बरं वाटलं’ म्हणजे नेमकं काय, हे अभ्यासात कसं शोधावं

ध्यान, योग, ॲक्युपंक्चर (सुया टोचण्याचा उपचार) यांनी अमुक आजाराला गुण आला अशी बातमी दिसली की मी मूळ शोधनिबंध काढते आणि निष्कर्षाआधी एकच गोष्ट शोधते: तुलना कोणाशी केली? दुसरा गट काहीच उपचार न देता नुसताच प्रतीक्षायादीत बसवलेला असेल, तर त्या आकड्यावर फार विसंबू नका. माणूस उपचाराला येतो तोच दुखणं टोकाला गेल्यावर. त्यातलं थोडं आपसूक उतरतंच. शिवाय कुणी आपुलकीने विचारपूस केली, त्याचाही गुण येतो. २००८ साली आतड्याच्या त्रासाच्या (आयबीएस) २६२ रुग्णांवर हे तपासलं गेलं. प्रतीक्षायादीतल्या २८ टक्के लोकांना पुरेसा आराम पडला, खोट्या सुया लावलेल्यांत ४४ टक्क्यांना, आणि त्याच खोट्या सुयांसोबत जिव्हाळ्याने बोलणारा उपचारक मिळाला तिथे ६२ टक्क्यांना. हे आकडे मला फार मोलाचे वाटतात.

खोटी सुई बोथट असते. दाबली की दांड्यात सरकते, टोचल्यासारखी भासते. योगाला अशी सोय नाही. तिथे तेवढाच वेळ, तेवढंच लक्ष देणारा दुसरा वर्ग ठेवलाय का, ते बघा.

मग दुसरा प्रश्न, आणि इथे घाई करू नका: मोजलं काय? २०११ च्या दम्याच्या एका छोट्या अभ्यासात ३९ रुग्णांनी आळीपाळीने खरा इनहेलर, खोटा इनहेलर, खोटं ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, असं सगळं घेतलं. ‘किती बरं वाटलं?’ याला उत्तरं आली ५०, ४५, ४६ आणि २१ टक्के. पण फुंकर मारून मोजलेली श्वासाची क्षमता खऱ्या इनहेलरने २० टक्के वाढली, बाकी तिन्हींत जेमतेम ७.

माझ्या धाकट्या बहिणीला दमा आहे. प्राणायामाने हलकं वाटायला लागलं तसा तिने इनहेलर परस्पर बंद केला. महिन्याभराने मी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं यंत्र, तिच्या हातात दिला. एरवी ३८०च्या आसपास जाणारा काटा २५०वर अडकला. ती म्हणाली, “ताई, पण मला खरंच बरं वाटतंय गं.” ती खोटं बोलत नव्हती, म्हणूनच मला धडकी भरली.

वेदना, मळमळ, थकवा यांत रुग्णाचं सांगणं हेच मुख्य माप. तिथे ‘बरं वाटलं’ला पूर्ण मान द्या. दमा, रक्तदाब, साखर असेल तर मात्र यंत्राचा आकडा शोधा, आणि निबंधात तो नसेल तर त्याच्या भरवशावर औषधाला हात लावू नका.

बहीण अजून रोज प्राणायाम करते, इनहेलरही घेते. वहीत तिने दोन रकाने आखलेत: एकात कसं वाटतंय त्याचे दहापैकी गुण, शेजारी मीटरचा आकडा.